निसर्गोपचार आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईचे गुडघे फार दुखायला लागले तेव्हा तिला घेऊन मी पहिल्यांदा पुण्याजवळच्या उरळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात गेले, दहा दिवस राहिलो आम्ही. सकाळी उपाशीपोटी आडवं व्हायचं आणि पोटावर मातीची पट्टी, म्हणजे चाळून रात्रभर भिजवलेली माती, ओल्या कापडावर बोटभर जाड थापलेली. ठेवल्या ठेवल्या असा गारवा लागतो की श्वास अडकतो, आणि पाचेक मिनिटांनी तीच पट्टी अंगाचा भाग असल्यासारखी वाटायला लागते. तशी पडलेली असताना शेजारच्या कॉटवरच्या काकूंना विचारलं की हे सगळं शोधलं कुणी, तर त्या म्हणाल्या गांधीजींनी. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. घरी आल्यावर वाचायला घेतलं आणि मग थांबलेच नाही. तेव्हापासून नातेवाईक, मैत्रिणी, ऑफिसातले लोक जे प्रश्न विचारतात ते सगळे इथे एकत्र लिहितेय.

निसर्गोपचार म्हणजे आपला आयुर्वेदच ना? मग त्याचा इतिहास जर्मनीत कशाला शोधायचा?

नाही, दोन्ही वेगळे आहेत. आयुर्वेदात काढे आहेत, भस्मं आहेत, आंबवून केलेली आसवं आहेत, वैद्य नाडी बघून औषध देतो. निसर्गोपचाराची मूळ कल्पनाच अशी की शरीर स्वतःला बरं करतं, आपण फक्त त्याला पाणी, माती, ऊन, हवा, साधं जेवण, उपवास आणि विश्रांती द्यायची. सरकारच्या 'आयुष' (AYUSH) या नावातसुद्धा आयुर्वेदाचं अक्षर वेगळं आहे आणि योग-निसर्गोपचाराचं वेगळं.

आपल्याकडे लंघन होतं, तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या होत्या, तेलाने अंग रगडणं होतं, हे सगळं खरंच आहे. पण कटिस्नानाचा, म्हणजे कंबर गार पाण्यात बुडवून बसायचा टब, ओल्या चादरीची लपेट, पोटावरची मातीची पट्टी हे आज ज्या पद्धतीने करतात ते १९ व्या शतकात मध्य युरोपात घडलं आणि पुस्तकांमधून आपल्याकडे आलं. हे सांगितलं की काही जणांना वाईट वाटतं. मला नाही वाटत, कारण ज्यांनी हे सुरू केलं ती माणसं कुणी राजेरजवाडे नव्हती, शेतकरी, विणकर, सुतार अशी साधी आजारी माणसं होती, आणि मला या इतिहासात सगळ्यात भावतं ते हेच.

मग पहिला माणूस कोण?

थंड पाण्याने उपचार करणारे डॉक्टर आधीही होते, आणि निसर्ग बरं करतो हे तर हिपोक्रेटिसच्या काळापासून म्हणतात. पण लोकांच्या रांगा लागाव्यात अशी पद्धत उभी केली ती व्हिन्सेन्झ प्रीसनिट्झने. जन्म ४ ऑक्टोबर १७९९, गाव ग्रेफेनबर्ग, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आता चेक देशात आहे. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा जेमतेम.

त्याची गोष्ट अशी सांगतात की लहानपणी त्याने एक जखमी हरीण पाहिलं, ते पुन्हापुन्हा झऱ्यावर येऊन आपला पाय गार पाण्यात धरायचं आणि हळूहळू बरं झालं. पुढे १८१६ मध्ये तो स्वतः गाडीखाली सापडला, बरगड्या मोडल्या, डॉक्टरने हात टेकले, हा पोरगा आता कामाचा राहणार नाही म्हणाला. प्रीसनिट्झने काय केलं तर खुर्चीच्या कडेवर पोट दाबून, श्वास भरून धरून बरगड्या बाहेर ढकलल्या आणि छातीवर गार पाण्यात भिजवून पिळलेली फडकी बांधली, सुकली की परत भिजवायची, असं करत करत तो उठला. मग आधी गावातली गुरं, मग शेजारीपाजारी, मग आसपासच्या गावातले लोक यायला लागले.

तो रोग्याचं अंग स्पंजने पुसायचा, त्यावरून त्याच्यावर जादूटोण्याचा संशय घेतला गेला, त्या स्पंजात काहीतरी आहे म्हणे. त्याला कोर्टकचेऱ्याही कराव्या लागल्या. पण १८२० च्या दशकात त्याचं पाण्याचं उपचारगृह उभं राहिलं आणि १८३९ साली एका वर्षात दीड हजाराहून जास्त लोक त्या डोंगरातल्या गावात उपचाराला आले. रशियन लेखक गोगोलसुद्धा तिथे गेला होता.

दिवस कसा असायचा ते ऐका. पहाटे चारच्या सुमारास उठवायचे, जाड लोकरीच्या ब्लँकेटात गुंडाळून घाम येईपर्यंत ठेवायचे, घाम आला की थेट गार पाण्याच्या हौदात, तिथून डोंगरात चालायला, चालता चालता झऱ्याचं पाणी ग्लासावर ग्लास. काही ठिकाणी लाकडी पन्हळीतून उंचावरून अंगावर धार पडायची. जेवण म्हणजे जाडाभरडा ब्रेड, दूध. आणि मोठमोठ्या घरच्या लोकांनासुद्धा लाकडं फोडायला लावायचा तो.

गार ओलं फडकं, त्यावर कोरडं लोकरीचं कापड घट्ट गुंडाळायचं, म्हणजे थोड्या वेळाने आतून ऊब तयार होते, या पट्टीला युरोपात बऱ्याच ठिकाणी अजून त्याच्याच नावाने ओळखतात. त्याने स्वतः पुस्तक असं एकही लिहिलं नाही, जे लिहिलं ते त्याच्याकडे येऊन गेलेल्यांनी. १८५१ मध्ये, ५२ व्या वर्षी गेला.

तेव्हा डॉक्टर नव्हते का? एवढ्या लांब थंडीत कुडकुडायला लोक का जायचे?

डॉक्टर होते, पण त्यांचे उपाय काय होते ते बघा. शिरा कापून रक्त काढणं, जळवा लावणं, पाऱ्याचं कॅलोमेल देणं, जुलाब आणि वांत्या करवणं. पारा खाऊन लोकांचे दात पडायचे, तोंडातून लाळ गळत राहायची आणि ती लाळ गळणं म्हणजे औषध लागू पडतंय असं समजायचे. जंतू काय असतात ते कुणाला माहीत नव्हतं, ॲंटिबायोटिकला अजून शंभर वर्षं होती.

अशा वेळी एखादा माणूस म्हणतो की रक्त काढू नका, पारा देऊ नका, मोकळ्या हवेत चाला, साधं खा, दारू बंद, पाणी प्या, लवकर झोपा. माझं मत असं की ग्रेफेनबर्गला जे बरे झाले त्यातले निम्मे तरी नुसते त्या जुन्या औषधांपासून सुटल्यामुळे झाले असतील. बाकीच्यांना चालणं, झोप आणि खाणं लागू पडलं. याने प्रीसनिट्झ लहान होत नाही, उलट जे करायचं नाही ते न करणं हेच तेव्हा सगळ्यात मोठं शहाणपण होतं.

हे इंग्लंडातही पोचलं. विल्सन आणि गली या दोन डॉक्टरांनी १८४२ मध्ये माल्व्हर्नला पाण्याचे उपचार सुरू केले आणि १८४९ मध्ये चार्ल्स डार्विन पोटाच्या आणि उलट्यांच्या त्रासाने हैराण होऊन तिथे गलीकडे जाऊन राहिला, त्याला आरामही पडला, निदान काही काळ तरी.

तो जर्मन पाद्री कोण, अनवाणी चालायला लावणारा?

सेबास्टियन क्नाईप. हा मला सगळ्यांत जास्त आवडतो म्हणून थोडं जास्त लिहिते.

जन्म १७ मे १८२१, बव्हेरियातलं श्टेफान्सरीड नावाचं खेडं, वडील विणकर. घर गरीब, पोरगा मागावर बसायचा पण मनात पाद्री व्हायचं होतं. शिक्षणासाठी पै पै करून ७० गुल्डन (तेव्हाची तिकडची नाणी) साठवले होते आणि घराला आग लागून ते सगळे जळाले. मग एका ओळखीच्या पाद्र्याने त्याला लॅटिन शिकवलं, तेव्हा कुठे पुढचा रस्ता मोकळा झाला. पण शिकता शिकता छातीचा आजार जडला, क्षय म्हणूनच सांगतात, डॉक्टरांनी आशा सोडली.

त्याच सुमारास त्याच्या हातात योहान झिगमुंड हान या १८ व्या शतकातल्या डॉक्टरचं थंड पाण्यावरचं जुनं पुस्तक पडलं. १८४९ च्या हिवाळ्यात तो डिलिंगनला असताना आठवड्यातून दोनतीनदा धावत डॅन्यूब नदीवर जायचा, काही सेकंद बर्फासारख्या पाण्यात बुडी मारायची आणि धावतच परत खोलीवर. यातलं धावणं महत्त्वाचं, अंग गरम असताना पाण्यात जायचं आणि पाण्यातून आल्यावर परत गरम करायचं, हा नियम त्याने आयुष्यभर पाळला. तो बरा झाला आणि १८५२ मध्ये पाद्री झाला.

१८५५ मध्ये त्याची बदली वोरिसहोफेन नावाच्या छोट्या गावात झाली, ननच्या मठात. तिथे तो उपचार करायला लागला आणि वर्षानुवर्षं करत करत त्याने प्रीसनिट्झचं दणकट प्रकरण खूप मऊ करून टाकलं. हौदात बुडवण्याऐवजी झाडांना पाणी घालायच्या झारीने गुडघ्यावर, मांडीवर, पाठीवर गार पाण्याची धार सोडायची. पहाटे दवात अनवाणी चालायचं, ओल्या दगडांवर चालायचं, हिवाळ्यात ताज्या बर्फातही थोडं चालायचं. करवंद-जांभळं आपल्याला जशी, तशा त्याच्या ओळखीच्या रानातल्या वनस्पती होत्या, त्यांचे काढे तो द्यायचा, म्हणजे औषध अजिबात नको म्हणणाऱ्यांपैकी तो नव्हता. साधं खाणं आणि मनाला वळण लावणं हेही त्याच्या उपचारात होतं.

१८८६ मध्ये त्याचं पाण्याच्या उपचारांवरचं पुस्तक आलं आणि त्या खेड्याचं रूपच बदललं, गाडीभाडं करून माणसं यायला लागली, पोप लिओ तेरावे यांनीही त्याला बोलावून घेतलं होतं. १७ जून १८९७ ला तो गेला. गावाच्या नावाआधी आता 'बाड' लागलंय, म्हणजे स्नानाचं गाव.

ऊन आणि माती यात कधी आली?

ऊन आणि हवा आणली आर्नोल्ड रिक्लीने (१८२३ ते १९०६). स्वित्झर्लंडच्या कापड रंगवणाऱ्या घराण्यातला माणूस, स्वतः आजारी पडला आणि आजच्या स्लोव्हेनियातल्या ब्लेड तळ्याकाठी येऊन बरा झाला, मग तिथेच लाकडी झोपड्या बांधून लोकांना ठेवायला लागला. त्याचं म्हणणं, पाणी चांगलंच, हवा त्याहून वरची आणि उजेड सगळ्यांत वरचा. आपण ज्याला सूर्यस्नान म्हणतो, ठरावीक वेळ उघड्या अंगाने उन्हात बसायचं, ते पद्धतशीरपणे त्याने बसवलं.

माती आडोल्फ युस्टची. हा पुस्तकविक्रेता होता, मज्जातंतूंच्या आजाराने खचला होता. १८९६ मध्ये त्याने हार्झच्या डोंगरात युंगबोर्न नावाची जागा सुरू केली, पुरुषांचं आवार वेगळं आणि बायकांचं वेगळं, झोपड्या, गवतावर चालणं, फळं आणि सुकामेवा, आणि ओल्या मातीचे लेप. १९१२ च्या जुलैत लेखक फ्रान्झ काफ्का तिथे राहायला गेला होता. युस्टचं 'निसर्गाकडे परत चला' हे पुस्तक गांधीजींच्या हातात पडलं आणि त्यातूनच माझ्या आईच्या पोटावर ती मातीची पट्टी आली.

कटिस्नान कुणाचं?

लुई कुनेचं, लाइपझिगचा. सुतारकाम करून पुढे स्वतःचा कारखाना काढलेला माणूस, पोट आणि छाती दोन्ही बिघडलेली. १८८३ मध्ये त्याने लाइपझिगला स्वतःचं उपचारगृह उघडलं. पसरट टबात बेंबीपर्यंत गार पाणी, पाय आणि छाती बाहेर कोरडी, आणि खरखरीत कापडाने ओटीपोट सारखं चोळत राहायचं, हे कटिस्नान. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, पहिलं मिनिट कठीण जातं.

कुनेचं म्हणणं होतं की आजार अनेक नसतातच, आजार एकच, शरीरात साठलेला मळ, तो बाहेर काढला की सगळं बरं. चेहरा आणि मान बघून मळ कुठे साठलाय तेही तो सांगायचा. इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा, त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, बर्लिनला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून दाखवला होता. म्हणजे एकीकडे प्रत्येक आजाराला वेगळं कारण सापडत होतं आणि दुसरीकडे कुने म्हणत होता की कारण एकच. मला कुने माणूस म्हणून प्रामाणिक वाटतो, पण या बाबतीत त्याचं साफ चुकलं.

भारतात सगळ्यांत आधी पोचला तो मात्र कुनेच. त्याच्या पुस्तकाचं १८९४ मध्ये तेलुगूत आणि १९०४ मध्ये हिंदी-उर्दूत भाषांतर झालं आणि गावोगावच्या शिकलेल्या घरांमध्ये लोक पुस्तक वाचून टबात बसायला लागले.

'नॅचरोपथी' हा शब्द कुणी काढला?

जॉन शील नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने १८९५ मध्ये. पण शब्द गाजवला बेनेडिक्ट लुस्टने, त्याने १९०२ मध्ये शीलकडून तो शब्द चक्क विकत घेतला.

लुस्ट १८७२ चा, जर्मनीतल्या बाडन भागातला. १८९२ मध्ये अमेरिकेला गेला, तिथे क्षयाने अंथरुणाला खिळला, परत येऊन क्नाईपकडे उपचार घेतले, बरा झाला आणि १८९६ मध्ये क्नाईपचं काम करायचं म्हणून पुन्हा अमेरिकेत. तिथे त्याने एकट्याने जेवढं केलं तेवढं पुढे दहा माणसांनी मिळून केलं नाही. मासिकं काढली, १९०१ मध्ये न्यूयॉर्कला निसर्गोपचाराची शाळा काढली, संघटना बांधली, न्यू जर्सीत बटलरला युस्टच्या धर्तीवर युंगबोर्न उघडलं. आणि पाणी, मसाज, हाडं बसवणं, आहार, वनस्पती असं जे जे औषधाविना होतं ते सगळं त्याने एका छत्राखाली आणलं. लायसन्स नसताना उपचार करतो म्हणून त्याला कितीतरी वेळा अटक झाली.

त्याच काळातला शिकागोचा हेन्री लिंडलार (१८६२ ते १९२४) पण महत्त्वाचा, मधुमेह झाला म्हणून क्नाईपकडे गेला आणि नंतर स्वतः डॉक्टरकी शिकून आला. अमेरिकेतल्याच बॅटल क्रीक गावचा डॉ. जॉन हार्वी केलॉग, कॉर्नफ्लेक्सवाला, तो डिग्रीवाला सर्जन होता पण पाणी, व्यायाम आणि शाकाहार यावर त्याचं सगळं सॅनिटेरियम चालायचं. वंशशुद्धीच्या नावाखाली त्याने जे विचार मांडले ते मात्र वाचवत नाहीत.

यात बायका कुठेच नव्हत्या का?

होत्या, नावं कमी घेतली जातात एवढंच. लुस्टची बायको लुईझा श्ट्रोबेले, लग्नाच्या आधीपासून बटलरला तिचं स्वतःचं उपचारगृह होतं. लुस्टच्या शाळेला, मासिकांना आणि कोर्टाच्या खर्चाला तिचाच पैसा लागला. इतिहासात 'मिसेस' म्हणून एक ओळ येते आणि संपतं.

अमेरिकेत मग ते मागे का पडलं?

दोन गोष्टी झाल्या. १९१० मध्ये फ्लेक्सनर रिपोर्ट आला, त्यात मेडिकल शाळांची झाडाझडती होती, प्रयोगशाळा नाही, हॉस्पिटल नाही अशा शाळा पटापट बंद झाल्या. आणि १९३० च्या दशकात जंतू मारणारी सल्फा औषधं, मग पेनिसिलिन आलं. न्यूमोनियाचा माणूस चार दिवसांत उठून बसतोय हे डोळ्यांनी दिसल्यावर टबात कोण बसणार? लुस्ट ५ सप्टेंबर १९४५ ला गेला तेव्हा त्याची चळवळ पार थकलेली होती. गंमत अशी की त्याच्यानंतर अडीच महिन्यांच्या आत पुण्यात गांधीजी एका निसर्गोपचार ट्रस्टच्या कागदावर सही करत होते, ते पुढे येतंच.

गांधीजी यात कसे आले?

दक्षिण आफ्रिकेत. त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीचा त्रास होता, सकाळचा नाश्ता सोडला आणि डोकं थांबलं. मग युस्टचं पुस्तक वाचून त्यांनी रात्री झोपताना पोटावर मातीची पट्टी ठेवायला सुरुवात केली. कुनेही वाचलेला होता.

पण खरी परीक्षा झाली ती मुंबईत, गिरगावात, १९०२ च्या सुमारास. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल टायफॉइडने फणफणला, सोबत न्यूमोनियाची चिन्हं. पारशी डॉक्टर म्हणाले औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधीजी नाही म्हणाले, पण डॉक्टरांना एवढी विनंती केली की नाडी आणि छाती तपासून मला सांगत राहा. मग कटिस्नान, एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि तीन दिवस पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वरून हलेना, पोरगं रात्री बरळायचं. शेवटी त्यांनी चादर भिजवून पिळली, डोकं सोडून मणिलालला त्यात गुंडाळलं, वरून दोन ब्लँकेट, डोक्यावर ओला टॉवेल. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. कस्तुरबांना बसवून ते चौपाटीवर गेले, कारण घरात थांबवेना. परत आले तर मुलगा म्हणाला बापू मला बाहेर काढा, भाजतंय. घाम आलाय का विचारलं, तर पार भिजलोय म्हणाला. मग सोडलं, अंग पुसलं आणि बापलेक एकाच अंथरुणात झोपले. सकाळी ताप उतरायला लागलेला होता. पुढे चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचे रस.

मी आई आहे, मला हे वाचताना पोटात गोळा येतो. आज टायफॉइडच्या मुलावर कुणी असं करू नये, आज औषध आहे. पण गांधीजींनी आत्मकथेत शेवटी जे लिहिलंय त्याचा मला फार आदर वाटतो, ते म्हणतात की मुलगा देवाच्या कृपेने बरा झाला, पाण्याने की खाण्यापिण्याच्या काळजीने, हे कोण सांगणार?

आणि ऑपरेशनला ते नाही म्हणाले नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स सुजलं, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉकने ऑपरेशन केलं, मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात पुरं केलं.

पुण्याचा एवढा काय संबंध?

पुणे स्टेशनपासून जवळ, ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहता यांचं नेचर क्युअर क्लिनिक होतं. मेहता गांधीजींचे निसर्गोपचारक, उपवासांच्या वेळी सोबत असायचे. गांधीजी तिथे मिळून १५६ दिवस राहिले, सरदार पटेलांनाही पोटाच्या त्रासासाठी १९४५ मध्ये तिथेच आणून ठेवलं होतं. १८ नोव्हेंबर १९४५ ला ऑल इंडिया नेचर क्युअर फाउंडेशन ट्रस्टच्या दस्तावर गांधीजींनी सही केली आणि ते त्याचे तहहयात अध्यक्ष झाले. १८ नोव्हेंबर हा राष्ट्रीय निसर्गोपचार दिवस पाळतात तो त्यामुळेच. त्याच जागेत, बापू भवनात, २२ डिसेंबर १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे.

पुण्यात वाढलेले कितीतरी लोक त्या रस्त्याने रोज जातात आणि त्यांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं.

मग उरळी कांचन कशाला काढलं?

कारण गांधीजींना स्वतःचीच चूक कळली. शहरातल्या क्लिनिकमध्ये गरीब माणूस येणार नाही, आपण गावात जायला पाहिजे, हे त्यांनी उघडपणे लिहिलं. २२ मार्च १९४६ ला ते उरळीला आले, ३० मार्चपर्यंत राहिले, रोज पेशंट बघितले. कागदावर काय लिहून द्यायचे तर रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, दूध, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी. गावातल्या माणसाला परवडेल आणि स्वतःच्या घरी करता येईल असंच सगळं. गावचे महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि १ एप्रिल १९४६ ला आश्रम सुरू झाला.

सांभाळायला ठेवलं मणिभाई देसाईंना, सुरतकडचा पंचविशीतला पोरगा, त्याने गांधीजींना शब्द दिला की आयुष्य इथेच घालवीन, आणि घालवलं. विनोबांचे भाऊ बाळकोबा भावे पण इथेच राहून काम करायचे. मणिभाईंना हळूहळू असं दिसलं की नुसत्या टबाने गाव निरोगी होत नाही, खायला पाहिजे, दूध पाहिजे, हाताला काम पाहिजे, म्हणून गाई सुधारायला घेतल्या आणि त्यातून १९६७ मध्ये बाएफ ही गुरं आणि शेतीचं काम करणारी संस्था उभी राहिली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्य गोठ्यातून आणि शेतातून सुरू होतं हे युरोपातल्या कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं, ते या माणसाने करून दाखवलं.

या सगळ्या लोकांचं कुठे कुठे चुकलं?

जंतू मानायला त्यांनी फार वेळ लावला, काहींनी तर शेवटपर्यंत मानलेच नाहीत. लुस्टच्या मासिकांतून लसीकरणाच्या विरोधात जोरात लिहून यायचं, आणि ते चूक होतं, देवीचा रोग गेला तो लसीनेच. 'सगळ्या आजारांना एकच उपाय' ही भाषाही तिथूनच आली आणि ती अजून व्हॉट्सॲपवर फिरतेय.

उपवासाचं सगळ्यांत भयंकर उदाहरण लिंडा हॅझर्डचं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ही बाई स्वतःला उपवासतज्ज्ञ म्हणवायची, रोग्यांना आठवडेच्या आठवडे जवळजवळ उपाशी ठेवायची. १९११ मध्ये क्लेअर विल्यमसन नावाची इंग्लिश तरुणी तिच्याकडे उपासमारीने गेली आणि १९१२ मध्ये हॅझर्डला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. म्हणून कुणी एकवीस दिवस पाण्यावर राहा असं फोनवरून सांगत असेल तर ऐकू नका. मधुमेहाची, बीपीची, टीबीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आईची बीपीची गोळी उरळीतही चालूच होती.

आज याचं रीतसर शिक्षण आहे का?

आहे. बीएनवायएस (बॅचलर ऑफ नॅचरोपथी अँड योगिक सायन्सेस) म्हणून साडेपाच वर्षांची डिग्री आहे इंटर्नशिप धरून, शरीररचना आणि पॅथॉलॉजी वगैरे शिकवतात. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरेला १९८९ मध्ये कॉलेज सुरू झालं, ते यातलं पहिल्या काहींपैकी. कुणाकडे जायच्या आधी ही डिग्री आहे का एवढं तरी विचाराच, विचारायला लाज कसली.

मला या जागा बघायच्या आहेत, काय काय शिल्लक आहे?

ग्रेफेनबर्ग आता लाझ्ने येसेनिक नावाने ओळखतात, तिथे अजून उपचार चालतात आणि डोंगरात प्रीसनिट्झच्या वेळचे झरे आहेत. बाड वोरिसहोफेनला क्नाईपच्या पद्धतीची पाण्यात चालायची कुंडं आहेत, गुडघाभर गार पाण्यात बगळ्यासारखा प्रत्येक पाय पूर्ण वर उचलत चालायचं. ब्लेडचं तळं आता हनिमूनच्या फोटोंमुळे सगळ्यांना माहीत झालंय. युंगबोर्न मात्र राहिलं नाही, पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा तिथूनच गेली आणि इमारती पाडल्या गेल्या.

आणि आपल्याकडचं तर अगदी हाताशी आहे. बापू भवन पुणे स्टेशनवरून चालत जाता येतं. उरळीला सोलापूर रोडने जा नाहीतर ट्रेनने, पुण्यापासून तीसेक किलोमीटर, राहायचं असेल तर आधी बुकिंग करून जा. आणि थंडीत जाणार असाल तर स्वेटर न्या, डिसेंबरात सकाळी ती मातीची पट्टी फार गार लागते.